शिळ्या पाण्याची पन्हळ

मित्रांनो, लोक मला पन्हळ म्हणतात, पण छपराच्या कडेला लटकून पावसाची वाट बघणाऱ्यांतली मी नव्हे. मी जुनी आहे हे खरं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेत, मी एका लोखंडी टेबलावर आडवी पडलेली असते. लांबीला माणसाएवढी, उंचीला चार बोटं. तळाला जाड तांब्याची पट्टी, दोन्ही बाजूंना काच, वर काचेचंच झाकण. एका टोकाने पाणी आत येतं, दुसऱ्या टोकाने बाहेर जातं. म्हणजे मला तोंडं दोन आहेत, पण दोन्ही पाण्याची. बोलायला एकही उपयोगाचं नाही. मग आज तुमच्याशी कशी बोलते आहे, असं विचारू नका. आत्मवृत्तात तेवढं चालतं.

माझा जन्म तांबट आळीत झाला, निदान माझ्या तळाचा तरी. अनंत घाटपांडे नावाचे एक तरुण प्राध्यापक, राहणार नारायण पेठ, नकाशाची गुंडाळी काखेत मारून तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले होते. त्यांना गुळगुळीत, जराही वाक नसलेली तांब्याची पट्टी हवी होती.

"एवढं जाड तांबं?" कारागीर म्हणाला. "बंब करा त्याचा. जन्मभर पाणी तापेल."

"मला पाणीच तापवायचं आहे."

"मग बंबच करा की."

"अंघोळीला नकोय हो. बघायला हवंय."

या माणसाचं लग्न झालंय का, हे विचारावं की विचारू नये, अशा नजरेने कारागिराने सरांकडे बघितलं. पण पट्टी मात्र त्याने मन लावून घडवली. आजही माझ्या तळावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो कुठे जावं हे न कळून जागीच बसतो.

आता बघायचं काय होतं, ते सांगते. कठीण नाही. चहाच्या पातेल्यात तुम्ही ते रोज बघता आणि दुर्लक्ष करता. माझ्या पोटातून पाणी संथ चाललेलं असतं आणि खालून तांबं तापवलेलं असतं. ऊब थोडी असेल तर पाणी शहाण्यासारखं सरळ चालतं. ऊब एका थरातून दुसऱ्या थरात मुकाट चढते, कुणाला पत्ता लागत नाही. ऊब वाढवली की खालचं पाणी हलकं होतं आणि वर जायला बघतं. वरचं गार पाणी जड, ते खाली यायला बघतं. दोघांनाही एकाच वाटेने जायचंय. काही काळ दोघंही दम धरतात. मग एका ठरावीक तापाला दम सुटतो, आणि गंमत अशी की गोंधळ होत नाही. पाणी आपणहून वाटण्या करून घेतं, इथून वर, तिथून खाली, पुन्हा पुढे वर. गोल गोल फिरणाऱ्या पाण्याच्या वळकट्याच तयार होतात, एकीला लागून एक. पाणी जरा वेगात असेल तर या वळकट्या माझ्या लांबीला धरून, म्हणजे उभ्या, पडतात. अगदीच संथ असेल तर आडव्या पडतात आणि एकामागून एक, पाणी जिथून बाहेर जातं त्या माझ्या दाराकडे चालू लागतात. सरळमार्गी पाणी असं फिरायला लागतं तो क्षण दाखवायचा, एवढ्यासाठी माझा जन्म.

आणि तोच क्षण मी वर्षानुवर्षं कुणाला धड दाखवू शकले नाही. माझा त्यात काडीचा दोष नव्हता. ऐका तर खरं.

सुरुवातीला मला थेट नळाला जोडलं होतं. त्याच नळावर पलीकडचं प्राध्यापकांचं स्वच्छतागृह होतं. आत कुणी फ्लश ओढला की इकडे माझ्या पोटात गचका. अकराचा चहा झाला की साडेअकराला गचक्यांची रांगच लागायची. अनंत सरांनी महिनाभर डोकं खाजवलं आणि मग कारण सापडल्यावर माझ्या डोक्यावर एक फळी ठोकून त्यावर निळं पिंप ठेवलं. नळातून पिंपात, पिंपातून माझ्यात. गचके थांबले. सर खूश, मीही खूश.

पण मग बुडबुडे आले.

मित्रांनो, नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. दिसत नाही, पण असते. पातेल्यात पाणी तापत ठेवलं की उकळी यायच्या कितीतरी आधी तळाला बारीक मोत्यांसारखे बुडबुडे चिकटतात ना, ते तेच. माझ्या तांब्यावर ते असे चिकटायचे, फुगायचे, सुटायचे आणि सरळ वर घुसायचे. नुकती कुठे एखादी वळकटी आकाराला येतेय, तोच हा बुडबुडा तिच्या पोटातून आरपार. झालं. सगळा संसार विस्कटला. यावर उपाय अगदी सोपा आहे. पाणी एक रात्र नुसतं उभं ठेवायचं. जादा हवा आपोआप निघून जाते. पिंप होतं, रात्र तर रोजच येते. मग अडलं कुठे?

अडलं नारायण पेठेत. अनंत सरांच्या घरी सकाळी उठल्यावर पहिलं काम एकच. काल भरलेलं पाणी ओतायचं आणि नवं भरायचं. कालचं ते शिळं. प्यायचं असो की वापरायचं असो, एक रात्र काढली की ते पाणी मनातून उतरलं. कुंडीत जाईल, अंगणात जाईल, पण माणसाच्या पुढ्यात येणार नाही. सर पर्वतीची चढण करून सकाळी सातला कॉलेजात यायचे, पिंपाच्या तळाची तोटी सोडायचे, कालचं पाणी मोरीत जाऊ द्यायचे, आणि वरून ताजं, फेसाळतं, हवेने गच्च भरलेलं पाणी भरायचे. इतक्या प्रेमाने भरायचे की मला बोलताही येईना. म्हणजे तसंही येत नव्हतंच.

बुडबुडे आले की सर काचेवर अंगठीने टकटक करत. "जातात हो टिचकी मारली की," म्हणत. बुडबुडे जात, आणि मागून दुसरे येत.

माझ्या कौतुकाचेही दिवस होते, नाही असं नाही. एका प्रदर्शनात मला मांडवात मधोमध ठेवलं होतं. लोक वाकून बघायचे, "वा" म्हणायचे, आणि बाजूच्या पाणपोईची मी जोडशाखा आहे असं समजून एकाने पेला लावला. पुढे सगळं कॉम्प्युटरवर व्हायला लागलं. पडद्यावरच्या वळकट्यांना बुडबुडे येत नाहीत, त्यांचं बरं असतं. माझ्यावर चादर पडली. चादरीखाली आधी धूळ आली आणि मग डबे आले. हो, डबे. झाकण काढून माझ्या गुळगुळीत तांब्यावर पोरांनी पोळ्या गरम केल्या. एकाने पावसाळ्यात मोजे वाळवले. मोज्यांचं मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मैत्री आली. मैत्री ओव्हाळ, राहणार वारजे. पीएच.डी. करायला आली आणि अनंत सरांनी तिला माझ्यापुढे आणून उभं केलं. तिने चादर काढली, तांब्यावरचा तुपाचा डाग बघितला, आणि बाही वर करून घासायला बसली. त्या दिवशी मी मनात म्हटलं, ही आपली.

तिचा विषय म्हणजे मीच की. पाणी किती संथ असलं म्हणजे वळकट्या उभ्याच्या आडव्या होतात आणि चालायला लागतात, हे तिने गणिताने काढलं होतं. आता ते माझ्या पोटात दिसायला हवं होतं. दिसेना. बुडबुडे. मैत्री हुशार, तिने कारण लगेच ओळखलं. संध्याकाळी पिंप भरून ठेवायची आणि सकाळी वारज्याच्या पुलावरची गर्दी पार करून येईपर्यंत पिंपात ताजं पाणी हजर.

"मी भरून ठेवलंय हो तुझ्यासाठी," सर म्हणायचे.

एकदा तिने धीर केला. "सर, पाणी एक रात्र राहू द्या ना. हवा निघून जाईल. बुडबुडे त्यानेच येतायत."

"शिळ्या पाण्यावर प्रयोग? कालचं पाणी झाडांना, मैत्री. माणसाला ताजं."

"सर, ही माणूस नाही. पन्हळ आहे."

हे मला लागलं, पण मुद्दा तिचा बरोबर होता म्हणून मी सोडून दिलं. सरांनी मात्र सोडलं नाही. "जंतू होतात," म्हणाले, आणि विषय संपला. गुरूपुढे किती बोलायचं? तिने पाणी आधी तापवून रात्रभर गार व्हायला ठेवलं, तेही सकाळी मोरीत गेलं; मग रविवारीही येऊन बघितलं. रविवारी सर सहाला येतात हे तिला तेव्हा कळलं. वर्षं अशी गेली. तिच्या प्रबंधात गणित पक्कं होतं आणि प्रयोगाच्या प्रकरणात बुडबुड्यांचे फोटो होते.

शेवटी वेळ आली. नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. बाहेरून परीक्षक यायचे होते, कऱ्हाडचे डॉ. हिंमतराव मोहिते. त्यांनी आधीच कळवलं होतं, "गणित पटलं. पाण्यात दिसलं तर सही करतो. नाही दिसलं तर नाही." दिसलं नाही तर मैत्रीची इतकी वर्षं मोरीत. आणि माझंही काही खरं नव्हतं. विभागाच्या बैठकीत ठरलंच होतं की हिचं काम झालं की ही खोली थ्रीडी प्रिंटरला द्यायची आणि मला भंगारात.

हिंमतरावांना एकच दिवस मोकळा होता, गुरुवार. आणि मंगळवारच्या पेपरात आलं, गुरुवारी शहरात पाणीपुरवठा बंद.

अनंत सरांनी पेपर खाली ठेवला. "आपण पुढे ढकलू."

"पुढे म्हणजे कधी, सर? मुदत संपतेय."

"मग पाण्याचं काय?"

"बुधवारी भरून ठेवते."

सरांनी पेपर पुन्हा उचलून ती बातमी वाचली. आतल्या आत काय झालं असेल त्यांना, मी समजू शकते. दुसरा मार्गच नव्हता. मी मात्र आनंदाने तापायच्या आधीच तापले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नशिबात एक रात्र उभं राहिलेलं पाणी येणार होतं.

बुधवारी संध्याकाळी मैत्रीने पिंप काठोकाठ भरलं. झाकण लावलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "सर, उद्या पिंपाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?" सर म्हणाले.

आणि गुरुवारी सकाळी सातला त्यांनी हात लावला.

मुद्दाम नाही हो. मनात परीक्षक, काय विचारतील, आपण काय सांगू, हीच चक्रं. खोलीत आले, छत्री खुंटीला अडकवली, आणि हात आपला आपण तोटीकडे गेला. तोटी सुटली. सर चष्मा पुसत खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझ्या डोक्यावरून ते रात्रभर मुरलेलं, एकही बुडबुडा नसलेलं, माझ्या स्वप्नातलं पाणी भळाभळा मोरीत चाललं होतं, आणि मी दोन तोंडांची बाई ठार मुकी. तोटी चालू असतानाच, पिंप धुऊन निघावं म्हणून, सरांनी सवयीने वरचा नळ सोडला. नळातून फक्त सुस्कारा आला. कॉलेजची गच्चीवरची टाकी वसतिगृहाच्या पोरांनी रात्रीच संपवली होती. तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी धावत येऊन तोटी बंद केली. पिंप अर्ध्याच्याही खाली आलं होतं.

सर स्टुलावर बसले आणि उठलेच नाहीत. मैत्री आली तेव्हाही तसेच बसलेले.

"सर, पिंप?"

"अर्धं आहे."

"मी भरलं होतं."

"हो." तोटीकडे बोट दाखवून म्हणाले, "सवय गं."

मला वाटलं, आता ही रडेल किंवा ओरडेल. ओरडायचा तिला हक्कच होता. ती रडलीही नाही, ओरडलीही नाही. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "वेग निम्म्यावर आणू. उभ्या वळकट्या आज दाखवता येणार नाहीत. नुसत्या आडव्या दाखवू. त्यांना पाणी कमीच लागतं." आणि खिशातून फोन काढला.

"बाबा, घरच्या पिंपात पाणी किती आहे? ... सगळं आणा. आईला सांगा, आज कपडे राहू देत. ... नाही, सगळंच आणा."

वारज्यात पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे घरोघरी पिंपं भरलेली असतात. मैत्रीचे वडील संजय ओव्हाळ एका सरकारी कार्यालयात कारकून. अर्धी रजा टाकून ते मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधून आले. पुढे पायांत एक, मागे सीटवर आडवा एक. शर्ट भिजलेला. कॅन उतरवून रांगेत ठेवले आणि सरांना नमस्कार केला.

सरांनी कॅनकडे बघितलं. विचारावं की नाही असं झालं असावं, पण राहवलं नाही. "पाणी कधीचं आहे?"

"मंगळवारचं, सर."

"म्हणजे परवाचं?"

"हो." संजयराव घाम पुसत साधेपणाने म्हणाले, "आमच्याकडे पाणी शिळं होत नाही, सर. संपतं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर सरांनी त्याला उत्तर दिलं असतं, पेठेतला माणूस, टोमण्याला तयारच असतो. हे नुसतं सांगणं होतं. सर उठले आणि कॅन सावलीत सरकवायला लागले.

अकराला हिंमतराव आले. माणूस भरभक्कम, बोलणं मोजकं. आल्या आल्या हात धुवायला नळ सोडला, नळाने सुस्कारा टाकला. चहा मागितला, तर कँटीन बंद. विभागातलं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, पिंपात आहे की पाणी, दोन कपांपुरतं घ्या. मैत्रीने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो माणूस पुन्हा त्या खोलीत दिसला नाही. परीक्षकाला बिनचहाचं बसवणं म्हणजे विस्तवाशी खेळ, हे मला कळत होतं. हिंमतराव खुर्चीत बसले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "दुपारची गाडी आहे मला," एवढंच म्हणाले.

मैत्रीने माझा हीटर लावला. अगदी थोडा. मग पाण्याची बारीक धार सोडली आणि आतल्या टोकाला जिलबीच्या केशरी रंगाची एक रेघ सोडली. रेघ सरळ, दोरा ओढावा तशी, दाराकडे निघाली. तिने हीटरचं बटण एक घर पुढे फिरवून ऊब वाढवली. थांबली. पुन्हा एक घर. थांबली. मित्रांनो, घाई करून चालत नाही. माझं तांबं जाड आहे, मी माझ्या वेळेने तापते. हिंमतरावांनी घड्याळ बघितलं. खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा घड्याळ बघितलं. रेघ आपली सरळच.

आणि पिंपातली पातळी उतरू लागली. पातळी उतरली की धार मंदावते, धार बदलली की माझ्या पोटातलं सगळं गणित बदलतं. कॅनमधलं पाणी वर ओतायला हवं होतं, पण धो धो ओतलं तर गचका बसणार, आणि गचक्यांचं मी तुम्हाला सांगितलंच आहे. पंप लावला तर तो थरथरतो. मैत्रीचे दोन्ही हात माझ्यात गुंतलेले. तिने वळून बघितलं, तर अनंत सर चपला काढून स्टुलावर चढलेले. हातात कपाटातून काढलेली पितळेची लोटी.

"द्या," ते संजयरावांना म्हणाले.

संजयराव कॅनमधून लोटी भरून वर द्यायचे आणि सर पिंपाच्या कडेवरून ते पाणी निथळल्यासारखं आत सोडायचे. आवाज नाही, लाट नाही. रिकामी लोटी खाली, भरलेली वर. विभागातले सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापक, निवृत्तीला टेकलेले, आपल्याच विद्यार्थिनीच्या परीक्षेत, परीक्षकासमोर, अनवाणी स्टुलावर उभे राहून परवाचं पाणी ओतत होते. हात भरून आला तरी थांबेनात. एकदा संजयराव म्हणाले, "सर, मी चढतो, तुम्ही बसा." सर म्हणाले, "नको, मला अंदाज आलाय आता." दोघांचं तेवढंच बोलणं झालं.

मैत्रीने ऊब आणखी एक घर वाढवली. तांब्यावर एकही बुडबुडा नव्हता. इतकं स्वच्छ, इतकं गप्प पाणी माझ्या पोटातून कधी गेलं नव्हतं. आणि मग मला ते जाणवलं. आधी दाराजवळ. खालच्या पाण्याचा दम सुटला.

केशरी रेघ किंचित उचलली गेली. मग खाली आली. मग पुन्हा उचलली. तिच्या मागची रेघही तशीच. बघता बघता माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याच्या आडव्या वळकट्या पडल्या, एक अशी फिरते, शेजारची तशी फिरते, आणि सगळ्या मिळून संथपणे दाराकडे निघाल्या. मला रडताही येत नाही हो. नाहीतर त्या दिवशी पाण्याची टंचाई मीच संपवली असती.

हिंमतराव खुर्चीतून कधी उठले ते त्यांनाही कळलं नसेल. नाक काचेला लावून बघत होते. त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली, मैत्रीने ओढणीच्या टोकाने पुसली. त्यांनी घड्याळ उचललं, एक वळकटी एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला किती वेळ घेते ते मोजलं, प्रबंधातला तिचा आकडा बघितला, पुन्हा मोजलं.

"चालल्यात की," ते म्हणाले. "आणि तुझ्याच वेगाने चालल्यात."

मैत्रीने श्वास सोडला. पण हिंमतराव सही करायला बसले नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी तिच्याकडे बघितलं. "मग हे आजवर का दिसलं नाही? मागच्या सगळ्या प्रयोगांत नुसते बुडबुडेच आहेत. आज एक दिवस दिसलं, उद्या दिसणार नाही, असं असेल तर मी कशावर सही करू?"

प्रश्न रास्त होता. उत्तरही साधं होतं. पण ते द्यायचं म्हणजे स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवायचं.

"बुडबुडे ताज्या पाण्यामुळे यायचे, सर," मैत्री म्हणाली.

"मग ताजं पाणी का वापरलं? पाणी एक रात्र ठेवायचं, हे तुला सुचलं नाही?"

मैत्री खाली बघत राहिली. तिला सुचलं नव्हतं असं मानून हिंमतराव काय लिहितील, हे तिला कळत होतं, मला कळत होतं. तरी ती बोलेना. संजयराव लोटी भरता भरता थांबले.

"तिला पहिल्याच वर्षी सुचलं होतं," वरून आवाज आला. अनंत सर. लोटी हातात तशीच. "तिने मला सांगितलं. मी ऐकलं नाही. ती रोज संध्याकाळी पाणी भरून जायची आणि मी रोज सकाळी ते ओतून टाकायचो. आजसुद्धा ओतलं. हे पाणी तिच्या घरचं आहे."

हिंमतरावांनी सरांकडे बघितलं, त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"मग हे प्रबंधात लिही," ते मैत्रीला म्हणाले. "पाणी किमान एक रात्र उभं असावं. तुमचं नाव नको घाटपांडे सर, पण गोष्ट लिहू दे तिला."

"नाव लिहिलं तरी चालेल," सर म्हणाले, आणि संजयरावांपुढे लोटी धरली. "द्या, पातळी उतरतेय."

हिंमतरावांनी सही केली. दुपारची गाडी चुकली ती चुकलीच, संध्याकाळच्या गाडीने गेले. चहा त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि त्यांनी तो पुन्हा मागितलाही नाही.

मैत्री आता डॉक्टर मैत्री ओव्हाळ आहे. कॉलेजातच शिकवते. वळकट्या दिसल्यावर मला भंगारात काढायची भाषा थांबली, थ्रीडी प्रिंटर वरच्या मजल्यावर गेला, आणि तिथे तो सारखा अडकतो असं ऐकते. मी काही बोलत नाही. पहिल्या वर्षाची पोरं मला बघायला येतात, वळकट्या चालायला लागल्या की मोबाइल काढतात. निदान माझ्यावर पोळ्या गरम करत नाहीत, तेवढं पुरे.

अनंत सर निवृत्त झाले, तरी सकाळी पर्वती करून येतातच. एखाद दिवशी हात तोटीकडे जातो आणि मध्येच थांबतो. "शिळं" हा शब्द त्यांच्या तोंडून अजून सुटत नाही. पोरांना सांगताना ते "मुरलेलं पाणी" म्हणतात. म्हणू देत. परवा एका पोराने उत्साहाने पिंप रिकामं करायला घेतलं, तर सरांनी त्याचा हात धरला. "आधी विचार," म्हणाले, "मैत्री मॅडमनी भरलंय का ते."

मित्रांनो, मला तुमच्याकडे फार काही मागायचं नाही. काच पुसा, तांब्यावर डबे ठेवू नका, आणि मला तापायला माझा वेळ द्या. एवढं केलंत तर अजून कितीतरी वर्षं मी तुम्हाला पाणी फिरवून दाखवीन. पण आणखी एक सांगते, ते माझ्यासाठी नाही. तुमच्याही आसपास कुणीतरी आदल्या दिवशी काहीतरी भरून ठेवलेलं असतं, आणि तुम्ही सकाळी उठून, चांगल्या मनाने, ते ओतून टाकता. ओतू नका असं मी म्हणत नाही. ओतायच्या आधी एवढंच विचारा, हे कुणी भरलंय.